खालचा परिच्छेद वाचा

वकिलीचं माझं दुसरं वर्ष. मनाई हुकमाच्या अर्जावर युक्तिवाद होता, सिनिअर बाहेरगावी गेले होते आणि जाताना ‘तूच चालव’ म्हणाले होते. आदल्या रात्री एका गाईडमध्ये सुप्रीम कोर्टाचं एक वाक्य सापडलं, आमच्या बाजूचं, अगदी खणखणीत. निकालाची प्रिंट काढून अर्जाला जोडली, पण ती उघडून बघितली नाही. कोर्टात ते वाक्य मोठ्या आवाजात वाचलं. न्यायाधीशसाहेबांनी प्रिंट मागून घेतली, दोन मिनिटं चाळली आणि परत देत म्हणाले, “मॅडम, आता खालचा परिच्छेद वाचा.”

खालच्या परिच्छेदाची सुरुवात होती : हा युक्तिवाद आम्हाला मान्य करता येत नाही. मी वाचलेलं वाक्य कोर्टाचं नव्हतंच. ते हरलेल्या पक्षाच्या वकिलाचं म्हणणं होतं, कोर्टानं फक्त नोंदवून घेतलेलं. मागच्या बाकावरचे दोन ज्युनिअर हसले ते अजून आठवतं.

आता मी सांगलीत वकिली करते आणि सकाळी लॉ कॉलेजात दोन तास घेते. वर्गात जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडची पोरं असतात. बरीचशी मराठी माध्यमातली, काही जण नोकरी करून शिकणारी. दर वर्षी पहिल्या आठवड्यात तोच प्रश्न येतो : मॅडम, गाईड कुठलं घेऊ? पुढचं सगळं त्या प्रश्नाचं उत्तर आहे. गाईड घ्या हवं तर, माझी हरकत नाही. पण ते उघडायचं सगळ्यात शेवटी.

कलमापासून सुरुवात

विषयाचा बेअर ॲक्ट, म्हणजे टीकाटिप्पणी नसलेला कायद्याचा नुसता मजकूर, हवाच, आणि त्यात सगळ्यात आधी बघायचं ते छपाईचं साल. जुनं पुस्तक थोरल्या भावाकडून फुकट मिळतं, पण ते महागात पडतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत महाराष्ट्रानं घातलेलं कलम ९ क २०१८ साली वगळलं गेलं. तरी त्यानंतरची कित्येक वर्षं माझ्याकडे येणाऱ्या उत्तरपत्रिकांत ते जिवंत होतं, कारण भावाच्या पुस्तकात ते होतं.

पुस्तक नसेल तर ‘इंडिया कोड’ हे सरकारी संकेतस्थळ आहे. केंद्राचे आणि राज्यांचे कायदे तिथे फुकट मिळतात. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ किंवा जमीन महसूल संहिता, १९६६ यांसारखे राज्याचे कायदे शोधताना तेच कामाला येतं.

फौजदारीत सध्या दुहेरी ओझं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. पण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, आणि तसे खटले अजून कित्येक वर्षं चालणार. शिवाय आजवरचे जवळपास सगळे मोठे निकाल जुन्या कलमांवर आहेत. म्हणून वहीच्या मागच्या पानावर जुनं-नवं असे दोन रकाने स्वतः आखा. छापील तक्ता भिंतीला लावून काही होत नाही, हातानं लिहिलेलंच डोक्यात राहतं.

हे किती अंगाशी येऊ शकतं ते बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार. एफआयआर रद्द करून घ्यायला त्याखाली जायचं. नव्या संहितेत कलम ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ मध्ये होता. अंगभूत अधिकार गेले ५२८ मध्ये. नुसतं ‘४८२ खाली अर्ज’ असं लिहिलंत, तर तुम्हाला नक्की काय हवंय ते समोरच्याला कळणारच नाही. खुनाची शिक्षा ३०२ मधून १०३ मध्ये गेली आणि नव्या न्याय संहितेतलं ३०२ आहे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं. सिनेमावाल्यांना हे कळायला वेळ लागेल.

साक्ष अधिनियमात तर गंमतच झाली. आरोपीनं दाखवून दिलेल्या वस्तूच्या जप्तीचं जुनं कलम २७ आता स्वतंत्र कलम राहिलेलंच नाही, ते नव्या कलम २३ चं परंतुक, म्हणजे ‘पण’ लावून जोडलेला अपवाद, झालं आहे. बार रूममध्ये अजून सगळे ‘सत्तावीसचा पंचनामा’च म्हणतात आणि आणखी दहा वर्षं म्हणतील. परीक्षेत मात्र कलम २३ चं परंतुक असंच लिहा.

कलम वाचायचं म्हणजे परंतुक, स्पष्टीकरण आणि उदाहरणासकट वाचायचं. मी वर्गात एक खेळ घेते. कलम वाचून पुस्तक मिटायचं आणि त्यातला ‘किंवा’ कुठे होता, ‘आणि’ कुठे होता ते सांगायचं. पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. या सवयीचा एक रोकडा फायदाही आहे. वकिलीसाठी द्यावी लागणाऱ्या ऑल इंडिया बार एक्झामला टिपणं नसलेला बेअर ॲक्ट सोबत नेता येतो. तीन वर्षांत जो तो कधी उघडत नाही, त्याला तिथे पानं सापडत नाहीत.

भाषेची भीती

पहिल्या वर्षी करार कायद्यात ‘कन्सिडरेशन’ हा शब्द आला तेव्हा मी वहीत ‘विचार’ असं लिहिलं होतं. विचाराशिवाय केलेला करार शून्य ठरतो, हे मला फार पटलंही होतं! तो शब्द ‘प्रतिफल’ आहे, म्हणजे मोबदला, हे दिवाळीनंतर कळलं.

राज्याच्या भाषा संचालनालयाचा ‘न्याय व्यवहार कोश’ अशा वेळी हाताशी हवा. शासनाचे परिभाषा कोश ऑनलाइनही शोधता येतात. वादपत्र, कैफियत, हुकूमनामा, शपथपत्र, मुद्दे, निशाणी, सरतपास, उलटतपास हे शब्द इंग्रजी जोडीसकट रोज पाच लिहून काढा. हे फक्त परीक्षेपुरतं नाही. १९९८ च्या अधिसूचनेपासून आपल्याकडच्या तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं काम मात्र इंग्रजीत चालतं. म्हणजे आपल्या भागातल्या वकिलाला साक्ष मराठीत घ्यावी लागते आणि निकाल इंग्रजीतून दाखवावा लागतो. इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं ‘फेरफार’ आणि ‘हक्कसोड’ला अडखळतात, तेव्हा आमची आटपाडीची पोरं त्यांना शिकवतात. हिशेब फिटतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर काही निकालांची मराठी भाषांतरंही मिळतात. सुरुवातीला गोष्ट समजून घ्यायला ती बरी. पण अधिकृत मजकूर इंग्रजीच धरला जातो, तेव्हा अवतरण मुळातूनच घ्या.

निकाल वाचायचा कसा

इथे जरा थांबते, कारण सगळे इथेच घसरतात.

एक निकाल घेऊ : शरद बिर्धीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४. परिस्थितीजन्य पुराव्यावरचा हा निकाल फौजदारीच्या प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतो. घटना आपल्याकडची आहे. बीडची मंजुश्री लग्न होऊन पुण्यात आली आणि चार महिन्यांत, जून १९८२ मध्ये, सायनाईडच्या विषानं गेली. नवऱ्यावर खुनाचा खटला चालला. सत्र न्यायालयानं फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. मृत्यूआधी मंजुश्रीनं बहिणीला आणि एका मैत्रिणीला लिहिलेली पत्रं पुराव्यात होती.

पहिलं काम : हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, झाकायची. हेडनोट संपादकानं लिहिलेली असते, न्यायमूर्तींनी नव्हे. निकाल वाचून झाल्यावर आपण काढलेला सारांश तिच्याशी ताडून बघायला ती चांगली.

दुसरं : वहीच्या पानाचे तीन रकाने करायचे. काय घडलं, कोण काय म्हणालं आणि कोर्टानं काय ठरवलं. मधला रकाना म्हणजे माझी दुसऱ्या वर्षातली शिक्षा. निकालात ‘कन्टेन्डेड’, ‘सबमिटेड’, ‘अर्ज्ड’ असे शब्द दिसले की पेन्सिलनं उभी रेघ ओढायची. तिथून पुढे वकील बोलतोय, कोर्ट नाही. ‘इन अवर ओपिनियन’, ‘वुई होल्ड’ असं आलं की रेघ थांबवायची. लांबलचक निकालात वकिलाचं म्हणणं चार-चार पानं चालतं आणि वाचता वाचता आपण विसरून जातो की बोलतोय कोण.

तिसरं : न्यायमूर्ती किती आणि प्रत्येकानं वेगळं लिहिलंय का. सारडा निकालात फझल अली, वरदराजन आणि सब्यसाची मुखर्जी असे तिघे होते. आरोपीला सोडायचं यावर तिघांचं एकमत. पण मंजुश्रीची पत्रं मृत्युपूर्व जबाब म्हणून वाचता येतील का, यावर नाही. फझल अलींनी ती ग्राह्य धरली, मुखर्जी सावधगिरीचा इशारा देत त्यांच्यासोबत गेले आणि वरदराजन म्हणाले, मृत्यूच्या कारणाशी यांचा इतका दूरचा संबंध आहे की ग्राह्य धरता येत नाहीत. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘सारडामध्ये पत्रांचं काय झालं?’ असं विचारलं की गाईडवाला एका ओळीत उत्तर देतो आणि मी ‘तिघांनीही?’ असं विचारलं की छताकडे बघतो.

चौथं : ज्या परिच्छेदासाठी निकाल प्रसिद्ध आहे तो स्वतः शोधायचा. इथे तो पाच कसोट्यांचा. त्यातल्या पहिलीत कोर्ट १९७३ च्या शिवाजी साहेबराव बोबडे निकालाचा आधार घेतं. तोही आपल्याच राज्यातला खटला. आरोपी दोषी ‘असू शकतो’ आणि दोषी ‘असलाच पाहिजे’ यांत फक्त व्याकरणाचा फरक नाही, असा तो मुद्दा. बाकीच्या चार इथे देत नाही, उघडून वाचा. एससीसी या निकालांच्या संग्रहात (रिपोर्टरमध्ये) तो परिच्छेद १५३ आहे, एआयआर या दुसऱ्या संग्रहात १५२. म्हणून नुसता परिच्छेद क्रमांक कधी सांगू नये, कुठल्या रिपोर्टरचा तेही सांगावं.

पहिला निकाल असा वाचायला तुम्हाला दोन रविवार लागतील. दहावा एका संध्याकाळी होतो.

सापडतं कुठे

माझ्या वेळी बार लायब्ररीत नागपूरहून येणारे एआयआर आणि महाराष्ट्र लॉ जर्नलचे खंड शिडीवर चढून काढावे लागत. हवा तो खंड नेमका कुठल्या तरी ज्येष्ठांच्या घरी असे. आता ‘डिजिटल एससीआर’वर १९५० पासूनचे सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत रिपोर्ट फुकट आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा ५१९ खंड आणि ३६,३०८ निकाल होते. उच्च न्यायालयांच्या निकालांसाठी ई-कोर्ट्सचं निकाल शोधण्याचं वेगळं पोर्टल आहे, शिवाय मुंबई उच्च न्यायालयाचं स्वतःचं संकेतस्थळ आहेच. रोजच्या शोधाला ‘इंडियन कानून’ सगळ्यात सोपं. शब्द अवतरण चिन्हांत टाकून शोधा, नाहीतर हजारो निकाल अंगावर येतात. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्रा यांना पैसे पडतात. कॉलेजनं वर्गणी भरली आहे का ते ग्रंथपालांना विचारा. बऱ्याचदा लॉगिन असतं आणि ते कुणी मागतच नाही.

२०२३ पासून निकालांवर तटस्थ सायटेशन असतं, म्हणजे कुठल्याही खासगी रिपोर्टरचा नसलेला, कोर्टानंच दिलेला क्रमांक. सर्वोच्च न्यायालयाचं साल, मग ‘आयएनएससी’ आणि क्रमांक असं. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात ‘बीएचसी’नंतर अपील शाखा, नागपूर, औरंगाबाद अशी खूण येते, त्यावरून निकाल कुठला ते कळतं.

निकाल सापडला म्हणजे काम झालं असं नाही. तो अजून जिवंत आहे का ते बघायचं. इंडियन कानूनवर तो निकाल पुढे कुणी कुणी उद्धृत केला ते दिसतं. त्यातले सगळ्यात नवे आणि सगळ्यात मोठ्या पीठाचे निकाल उघडायचे. एडीएम जबलपूर हा १९७६ चा निकाल घ्या, आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असं म्हणणारा. त्यातल्या बहुमतात पुण्यात वाढलेले न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात तो मोडीत काढला आणि ते लिहिणाऱ्यांत त्यांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. बापाचा निकाल मुलानं मोडला, ही गोष्ट सांगितली की पोरं ‘ओव्हररूल्ड’ हा शब्द पुन्हा विसरत नाहीत.

आणि चॅटबॉट. वापरा, मीही वापरते, किचकट इंग्रजी सोपं करून घ्यायला. पण त्यानं दिलेलं सायटेशन उघडून बघितल्याशिवाय कागदावर आणायचं नाही. तो नसलेले निकाल नावानिशी, तारखेनिशी रचून देतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असे बनावट निकाल दाखल केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. गेल्या वर्षी माझ्या वर्गात मूटच्या, म्हणजे सरावाच्या खटल्याच्या, लेखी युक्तिवादात असाच एक निकाल आला होता. मी फक्त म्हणाले, प्रिंट आणून दे. चार दिवस ती मुलगी मला टाळत होती.

कोर्टात बसणं

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवडे इंटर्नशिप लागते, एका वेळी सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. मोठ्या फर्ममध्येच जागा मिळाली पाहिजे असा हट्ट नको. तालुका कोर्टातल्या चालत्या वकिलाकडे महिनाभर बसलात, तर वकीलपत्र, तारखेचा अर्ज, रोजनामा, साक्षीदाराचं शपथपत्र, नक्कल अर्ज हे सगळं हातातून जातं. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) टाकून रोज एका प्रकरणाचा पाठपुरावा करा. पुढची तारीख का पडली एवढंच लिहा. महिनाभरात दिवाणी प्रक्रिया संहिता निम्मी कळते.

उच्च न्यायालय बघायचं तर आमच्या वेळी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे. सांगलीहून सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पांढरा शर्ट, काळी पँट, फोन बंद आणि मागचं बाक. सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठांच्या सुनावण्या २०२२ पासून थेट दिसतात, त्या घरूनही बघता येतील.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय बहुतेक कोर्टाच्या आवारातच असतं. लॉचे विद्यार्थी तिथे पॅरालीगल व्हॉलंटिअर, म्हणजे लोकांना कायद्याची मदत मिळवून देणारे स्वयंसेवक, होऊ शकतात. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती किंवा कोठडीतला माणूस यांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे तुमच्या गल्लीतल्या कितीजणांना माहीत आहे ते विचारून बघा. १५१०० हा मदतीचा क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, लोक विचारतातच.

पैसे आणि जीव

शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मेमध्येच काढून ठेवा, जुलैत तहसील कार्यालयात रांग असते. वकिलीची सनद घेतानाही डोळे उघडे ठेवा. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की राज्य बार कौन्सिलला नोंदणीसाठी कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. खुल्या वर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५. गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार. हाही निकाल तीन रकान्यांत वाचण्यासारखा आहे आणि याचा परिणाम तुमच्याच खिशावर होतो.

केटी लागली, म्हणजे विषय मागे राहिला, म्हणून कॉलेज सोडणारी दोन मुलं मी बघितली आहेत. दोघांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. झोप उडाली, पुस्तक उघडवेना झालं, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तेही नको असेल तर वर्ग सुटल्यावर माझ्याकडे या. मी साडेदहापर्यंत स्टाफ रूममध्ये असते, नंतर कोर्टात.

येताना सारडाचे तीन रकाने आणा. वरदराजन यांच्या नावासमोर काय लिहिलंय ते मी आधी बघणार आहे.